वास घ्या, गणपतराव

रोज सकाळी दवाखान्याची कडी काढली की आमचे डॉक्टर खुर्चीत बसायचे, सदऱ्याचं वरचं बटण सोडायचे, मान पुढं करायचे आणि म्हणायचे, "वास घ्या, गणपतराव."

मी वाकून त्यांच्या मानेचा वास घ्यायचो.

"काही येतंय?"

"न्हाय साहेब. घामाचाच वास हाय."

"वेगळं काही?"

"वेगळं कायबी न्हाय."

मग डॉक्टर एक लांब श्वास सोडायचे, बटण लावायचे आणि म्हणायचे, "ठीक. आजचा दिवस आपला." त्यानंतर पहिला पेशंट आत यायचा. बाहेर कुणी पोट धरून बसलेलं असो नाहीतर दाढ धरून, आधी मान आणि मग बाकीचं.

ही गोष्ट निजामाच्या अमलातली. कळंबपासून दोन कोसांवर, मांजरा नदीच्या अंगाला आमचं बाजाराचं गाव. गावात दवाखाना होता म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी, एक कडुलिंबाचं झाड, एक डॉक्टर आणि एक कंपाउंडर. कंपाउंडर मी. लाल, पिवळी आणि कडू अशा तीन दवायांवर आमचा सगळा कारभार. हैदराबादेत या कामाचे धडे घेतले तेव्हा साहेबाची मान हुंगावी लागेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. बायकोपासून मी ही भानगड दोन वर्षं लपवली. तिला ती पाणवठ्यावर कळली आणि पुढं चार दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

डॉक्टरांचं नाव शिवलिंगप्पा. भूमकडचे, लिंगायत घरातले. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगानं उंच आणि सडपातळ. नाकावर जगणाऱ्या माणसाचं नाक चांगलं धारदार असेल असं तुम्हाला वाटेल. कसलं काय! मुगाच्या भज्याएवढं नाक. पण त्या भज्याचे लाड काय वर्णावेत! डॉक्टर कांदा खायचे नाहीत, लसूण नाही, पान नाही, तंबाखू नाही. साबण लावायचे नाहीत. अत्तराचं तर नाव काढायची सोय नव्हती. त्या काळी आमच्याकडं चार माणसांत जायचं तर कानामागं अत्तराचं बोट फिरवल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे. आणि हा सरकारी डॉक्टर लग्नाच्या मांडवात अत्तरदाणी पुढं आली की नाकाला धोतराचा सोगा लावून पळायचा. गावानं त्यांना हुंग्या डॉक्टर म्हणायला किती दिवस लावले असतील? आठवडाही नाही.

याच्या मुळाशी डॉक्टरांचा एक सिद्धान्त होता. माणसाला एक वेड लागतं, त्याचं इंग्रजी नाव स्किझोफ्रेनिया. माझ्या जिभेवर ते नाव कधी बसलं नाही, म्हणून डॉक्टर माझ्यापुरतं त्याला 'दुभंग' म्हणायचे. चांगला वीस-पंचवीस वर्षांचा हसता-खेळता गडी एक दिवस दारामागच्या कुणाशी तरी बोलायला लागतो. दारामागं तर कुणीच नसतं. गाव म्हणतं भानामती, घरचे म्हणतात कुणाची तरी नजर. डॉक्टर म्हणायचे, "गणपतराव, ते रक्तात आहे. रक्तात काहीतरी नासतं. आणि नासलेलं वास मारल्याशिवाय राहत नाही. दूध नासलं तर तुम्हाला कळतं का नाही?"

"कळतं की."

"मग! नाक खोटं बोलत नाही."

म्हणून अशा माणसांच्या मानेवरून मांजरपाटाचा तुकडा फिरवायचा, तो काचेच्या बाटलीत घालायचा, बुचावर मेण ओतायचं आणि वर नंबर टाकायचा, हे त्यांचं खरं काम. दवाखाना आपला पोटापाण्यापुरता. अमावस्येला जिथं झपाटलेली माणसं घुमायला येतात अशा ठिकाणी आम्ही दोघं तुकडे घेऊन हजर. लोक अंगारा मागायचे, डॉक्टर घाम मागायचे. दुसऱ्या वर्षी बायाबापड्या त्यांच्याच पाया पडायला लागल्या. हा घामावर उतारा देणारा नवा देवर्षी आहे, असा बोभाटा झाला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण दोन नमुने जास्त मिळाले म्हणून गप्प बसले.

लोक तरी काय कमी होते! मुलीचा बाप होणाऱ्या जावयाला खोकल्याचं निमित्त काढून दवाखान्यात आणायचा आणि त्याची पाठ वळली की डॉक्टरांच्या कानाशी लागायचा, "साहेब, जरा हुंगून सांगा. पोरगी एकुलती एक हाय." डॉक्टर असे भडकायचे की त्या बापालाच आधी कडू दवाई पाजायचे.

मागच्या खोलीच्या खिडकीत त्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. हिरवट काचेच्या, सत्तर-ऐंशी तरी असतील. दुपारी दवाखाना थंडावला की ऊन लिंबातून गाळून त्या काचांवर यायचं आणि खोलीभर हिरवं पाणी भरल्यासारखं व्हायचं. भिंती हलतायत असं वाटायचं. डॉक्टर मध्ये डोळे मिटून बसलेले असायचे. बाहेर होला घुमत असायचा. मोहराच्या दिवसांत लिंबाचा तो कडवट गोड वास खिडकीतून आत यायचा. मी पुड्या बांधता बांधता पेंगायचो. झोप आणि जाग यांच्या मधे कुठंतरी मला ती सगळी माणसं बाटल्यांतून हळू आवाजात बोलतायत असं ऐकू यायचं. दचकून डोळे उघडले की डॉक्टर माझ्याकडंच बघत असायचे. "ऐकू आलं का काही?" ते विचारायचे, आणि मी घाईघाईनं "न्हाय न्हाय" म्हणायचो. कुणी सांगावं, लगेच माझ्या मानेवरून तुकडा फिरायचा.

एक नंबरची बाटली मात्र त्या ओळीत नव्हती. ती त्यांच्या ट्रंकेत असायची. ती कुणाची, हे मी नऊ वर्षांत विचारलं नाही. मग एके दिवशी डॉक्टरांनी आपणहून सांगितलं.

ती त्यांच्या थोरल्या भावाची होती. बसवंत नाव. डॉक्टर त्यांना अण्णा म्हणायचे. अण्णांनीच डॉक्टरांना खांद्यावर बसवून शाळेत नेलं, अण्णांनीच घरात भांडून हैदराबादेला पाठवलं. आणि पंचविसाव्या वर्षी अण्णांना दुभंग झाला. भूमकडच्या त्यांच्या घरी अण्णा गोठ्यात होते, पायात साखळी घालून. बारा वर्षं.

"बारा वर्षं? सख्ख्या बापानं?" मला राहवलं नाही.

"अप्पा दुष्ट नाहीत, गणपतराव." डॉक्टर बाटलीवरचं मेण नखानं चाचपत होते. "कुणा देवर्ष्यानं त्यांना सांगितलंय, ही भानामती आहे. पायात लोखंड आहे तोवर ती थोरल्यात बांधलेली. लोखंड काढलं की ती उडी मारणार, आणि मारणार ती धाकट्यावर. म्हणजे माझ्यावर. मला वाचवायला अण्णा साखळीत आहेत."

त्यांचं शिक्षण, त्यांची नोकरी, त्यांचं सुखानं जेवणंखाणं, सगळ्याच्या बुडाशी ती साखळी होती.

"अप्पांशी बोलून बोलून थकलो. शेवटी ते म्हणाले, ते अंगातलं दुखणं हाय आन उडी मारीत न्हाय, हे मला दाव, मग काढतो लोखंड. तेव्हा मी त्यांना कबूल केलंय. बारा बाटल्या मांडायच्या. एकीत अण्णांचा तुकडा, अकरांत शहाण्यांचे. माझे डोळे बांधायचे. मी नुसत्या वासावर अण्णांची बाटली काढली, तर मानायचं की हे रक्तातलं आहे. पुढच्या शुक्रवारी अप्पा अण्णांना घेऊन येतायत. आता मला गावातली अकरा शहाणी माणसं आणून द्या."

"अकरा?" मी म्हणालो. "आपल्या गावात?"

पण यादी करावीच लागली. पाटील, काझीसाहेब, शाळेचे मास्तर, चौकीचा जमादार, किराण्याचे शेटजी असं करत करत दहा नावं झाली. तेवढ्यात यादी फुटली. मग काय विचारता! दवाखान्यापुढं ही रांग. "माझं नाव कसं न्हाय? म्या काय येडा हाय व्हय?" न्हावी वस्तरा हातात घेऊन विचारायला आला. शेटजींची बायको उलट पदर खोचून आली. "आमच्या ह्यांचं नाव कुणी घातलं? घरात येऊन बघा आन मग शाणे म्हणा." अकरावी जागा कुणालाही दिली असती तरी मारामारी झाली असती, म्हणून तिथं मी माझंच नाव घातलं.

डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली होती. दोन दिवस आंघोळ नाही, अंगावरचा सदरा बदलायचा नाही, आहे तसं यायचं. मी ती घरोघर जाऊन जशीच्या तशी सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शुक्रवारी सकाळी नमुने मी घ्यायचे असं ठरलं होतं. कुठली बाटली कुणाची हे डॉक्टरांना कळू नये, म्हणून ते मांजरेकडं फिरायला गेले. आणि एकेक शहाणा ओसरीवर यायला लागला. पाटलांचा फेटा नवा, काझीसाहेबांची शेरवानी कडक इस्त्रीची, मास्तरांच्या कपाळाला ताजं गंध. मी पाटलांच्या मानेवरून तुकडा फिरवला आणि हिन्याचा घमघमाट उठला.

"पाटील, आंघोळ करायची न्हाय म्हणलं होतं."

"न्हाय केली. आईशपत. पण सरकारी दवाखान्यात शाणा म्हणून जायचं, आन पारोसं? बरं दिसतं का? जरा बोट लावलं एवढंच."

काझीसाहेबांना खसाचा वास होता. शेटजींना केवड्याचा, जमादाराला गुलाबाचा. प्रत्येकाला वाटलं होतं की बाकीचे दहा घाण वास मारत येतील, आपण तेवढं बरं असावं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही कानामागं मोगरा होता. बायकोनं लावून दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा नवरा लेखी शहाणा ठरला होता, तिला कौतुक.

यात काही बिघडलं असं मला वाटलंच नाही, ही माझी अक्कल! उलट म्हटलं, रोज नासका घाम हुंगणारं बिचारं नाक, आज त्याला जरा सण होईल. मी तुकडे बाटल्यांत घातले आणि मेण ओतलं.

दुपारी बैलगाडी आली. अप्पा पुढं बसलेले, सत्तरीचे, वाळलेल्या शेंगेसारखे. सारखी तपकीर ओढत होते. त्या तपकिरीनं त्यांचं नाक केव्हाच मेलेलं होतं, जळका भात ताटात आला तरी त्यांना कळत नसे. गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि त्याच दोऱ्यात एक किल्ली. मागं पेंढ्यावर अण्णा बसलेले होते. दाढी वाढलेली, डोळे मात्र डॉक्टरांचेच. ते लिंबाकडं बघून कुणाशी तरी हळू हळू बोलत होते. मी त्यांच्या मानेवरून तुकडा फिरवला. घाम, शेण, धूर आणि लोखंडाचा गंज, एवढाच वास त्याला होता.

डॉक्टर आले. त्यांनी अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं आणि खुर्चीत बसले. मी त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. बाटल्या उलटसुलट मांडल्या. अप्पा काठी धरून समोर उभे. बाकीचे शहाणे ओसरीवर दाटीनं बसलेले.

पहिली बाटली नाकाला लावली आणि डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. दुसरी लावली. तिसरीला त्यांचा हात थबकला. चौथ्या बाटलीला त्यांना कळलं, की हे अत्तर ओसरीवरच्या माणसांचं नाही, बाटल्यांतलंच आहे, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. तोवर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते एकदम शिरलं. अकरा बाटल्यांना अत्तर आणि एकीला नाही! यात रक्ताचं काय राहिलं?

सातवी बाटली अण्णांची होती. डॉक्टरांनी ती नाकाला लावली आणि काढलीच नाही. किती वेळ झाला, मला सांगता येणार नाही. ऊन काचांवर आलं होतं, ओसरीवर हिरवट उजेड हलत होता, आणि हा माणूस पट्टीखाली कुठल्या तरी लांबच्या वाटेवर, थोरल्या भावाच्या खांद्यावर बसून चालला होता असं मला वाटलं. पट्टी खालून ओली झाली.

"हीच," डॉक्टर म्हणाले.

मी मागचा नंबर बघितला. "बरोबर हाय," म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

डॉक्टरांनी पट्टी ओढून काढली आणि तोंड उघडलं. ते खरं सांगणार होते. मी एकदा खोटा आकडा लिहिला म्हणून माझ्याशी आठ दिवस अबोला धरणारा माणूस तो. "अप्पा," त्यांनी सुरुवात केली.

पण अप्पांनी गाडीशी जाऊन दोरा डोक्यावरून काढला होता. किल्ली कुलपाला लागेना. "म्हंजे ती उडी मारीत न्हाय," ते स्वतःशीच म्हणत होते. "शिवूला धरीत न्हाय. बारा वर्षं म्या उगंच... उगंच रं बसवंता..."

डॉक्टरांनी तोंड मिटलं.

साखळी पेंढ्यावर पडली. अण्णांनी घोट्याची काळी पडलेली कातडी खाजवली, पाय हलवून बघितला आणि हसले. अप्पा त्यांचा पाय मांडीवर घेऊन रडत बसले. ओसरीवरचे शहाणे धोतराच्या सोग्यांनी डोळे पुसत होते आणि सगळीकडं हिन्याचा वास सुटला होता.

दिवेलागणीला डॉक्टरांनी वही काढली आणि लिहिलं, चाचणी निकामी, काही सिद्ध झालं नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "गणपतराव, ती बाटली तर म्हशीनंही ओळखली असती."

"माझ्या तोंडात मारा साहेब. परत करू. या टायमाला सगळ्यांना माझ्यासमोर नदीत बुडवून काढतो."

"आणि वास नाही निघाला तर?"

मी बाटल्या गोळा करायला लागलो.

"नऊ वर्षं एकच प्रश्न विचारत आलो. आता तो विचारायची हिंमत नाही. उत्तर नाही आलं तर अप्पा ती साखळी परत घालतील." त्यांनी वही मिटली. "हैदराबादेच्या मोठ्या डॉक्टरांना हे सिद्ध झालं असं खोटं लिहून पाठवणार नाही. अप्पांना खरं सांगणार नाही. झालं."

त्या दिवसानंतर अमावस्येच्या वाऱ्या बंद झाल्या. बाटल्या धुऊन मी त्यांत लाल दवाई भरायला लागलो. डॉक्टर कांदा खायला लागले. अण्णा इथंच राहिले, मागच्या खोलीत. बरे झाले असं मी म्हणणार नाही. लिंबाशी त्यांचं बोलणं चालूच असायचं, कधी दोन-दोन दिवस जेवायचे नाहीत, कधी आवाज असह्य झाले की कान दाबून कोपऱ्यात बसायचे. तेव्हा डॉक्टर त्यांच्याशेजारी जाऊन नुसते बसायचे. अप्पांचं दर आठवड्याला माझ्या नावानं कार्ड यायचं, त्यात एकच ओळ. शिवूची तब्येत कशी हाय?

आणि गंमत बघा, काही सिद्ध झालं नाही असं स्वतःच्या हातानं लिहिलेला हा माणूस रोज सकाळी मला मान द्यायचाच. "वास घ्या, गणपतराव." त्यांनी लग्न का केलं नाही, आपली मान ते रोज दुसऱ्याला का हुंगायला लावतात, हे मला आता ठाऊक झालं होतं. अण्णांचं सुरू झालं ते पंचविसाव्या वर्षी, आणि डॉक्टर आपल्या पंचविशीनंतरचा एकेक दिवस मोजून घेत होते. पूर्वी मी वास घेताना मनात हसायचो. आता दोनदा घ्यायचो. मग ठसक्यात सांगायचो, "वेगळं कायबी न्हाय साहेब."

एकदा मी हिवतापानं आठ दिवस अंथरुणावर होतो. पडल्या पडल्या मला एकच घोर, की साहेबांच्या मानेचं कोण बघत असेल? ताप उतरला त्या सकाळी मी काठी टेकत दवाखाना गाठला. कडी काढलेली होती. मी दारातच थांबलो.

डॉक्टर खुर्चीत होते. वरचं बटण सोडलेलं, मान पुढं, डोळे मिटलेले. आणि अण्णा त्यांच्यावर वाकून, अगदी सावकाश, त्यांच्या मानेचा वास घेत होते.

"कायबी न्हाय रं, शिवू," अण्णा म्हणाले. "तू चांगला हायेस."

डॉक्टरांनी लांब श्वास सोडला. "ठीक, अण्णा. आजचा दिवस आपला."

अण्णांनी त्यांचं बटण लावून दिलं, शाळेत सोडायच्या आधी लावत असतील तसं. मी चपला हातात घेऊन मागं सरलो आणि पहिला पेशंट येईपर्यंत लिंबाखाली बसून राहिलो.